उणे एकतीसची कुरकुर

“आई, तुझं हे यंत्र चुकलं तर काय होतं गं?”

शनिवारी दुपारी दोन वाजता हा प्रश्न माझ्यासमोर विचारला गेला आणि माझा पंखा क्षणभर अडखळला. विचारणारी होती भिंगरी. वय वर्षं पंधरा, शाळा नुकतीच सुटलेली, दप्तर अजून पाठीवर, हातात अर्धं खाल्लेलं सफरचंद. प्रश्न तिचा नव्हताच. तिच्या तीन मैत्रिणींनी पैज लावली होती. त्यांचं म्हणणं, तुझी आई दिवसभर पडद्यावर रंगीत गोळ्या फिरवते, हा काय कामधंदा झाला, हे तर बालवाडीतलं खेळणं. चुकलं तर काय बिघडतं, ते आईला तोंडावर विचारून दाखव, नाहीतर महिनाभर आमची दप्तरं उचल. गेल्या वर्षीची भिंगरी असती तर तिने मुकाट्याने दप्तरं उचलली असती. पण यंदा शाळेच्या वादविवादात तिला टाळ्या मिळाल्या होत्या आणि तेव्हापासून बाईसाहेबांच्या पायाला भिंगरी होती ती जिभेवर आली होती.

मित्रांनो, तिला काय ठाऊक की तोच प्रश्न मी तीन दिवस मनातल्या मनात घोकत होतो. आणि मला उत्तर माहीत होतं, म्हणूनच माझी पाचावर धारण बसली होती.

पण आधी माझी ओळख करून देतो, म्हणजे माझी भीती तुम्हाला कळेल.

मी एक जुना वाटाड्या आहे. मला पाय नाहीत, काठी नाही, कंदील नाही. मी एक प्रोग्रॅम आहे. एका लांबट इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, प्रयोगशाळेला लागून असलेल्या छोट्या खोलीत, पिवळट पडलेल्या संगणकात माझं बिऱ्हाड आहे. माझ्या खोलीच्या भिंतीला मोठी काच आहे. काचेपलीकडे प्रयोगशाळा दिसते. तिथे काम करतात भिंगरीचे बाबा. ते सतत काही ना काही तापवत असतात म्हणून सगळी इमारत त्यांना शेगडीवाले म्हणते. काचेच्या अलीकडे, माझ्यासमोर, भिंगरीची आई बसते. तिला सगळे आकडेबाई म्हणतात. ती मला विचारते, मी तिला सांगतो, ती त्यांना सांगते, आणि मग ते शेगडी पेटवतात. इतकी वर्षं असंच चालत आलं.

माझा डोंगरही आगळाच आहे. रेणू म्हणजे अणूंचा छोटा घोळका, हे तुम्ही शाळेत शिकला असाल. तो घोळका जरा वाकला, जरा ताणला, एखादा अणू इकडचा तिकडे सरकला की त्याची ऊर्जा बदलते. प्रत्येक आकाराची ऊर्जा म्हणजे एक उंची समजा. मग सगळे आकार मिळून एक भलामोठा डोंगराळ मुलूख तयार होतो. त्यात दऱ्या असतात, कडे असतात, सुळके असतात. दरीच्या तळाशी रेणू निवांत बसतो. त्याला मोडायचं असेल, बदलायचं असेल, तर त्याला शेजारच्या दरीत जावं लागतं, आणि दोन दऱ्यांच्या मध्ये असते खिंड. खिंड उंच असेल तर रेणू कितीही तापवा, जागचा हलत नाही. खिंड बुटकी असेल तर जराशा उबेनेही तो पलीकडे उडी मारतो. ती खिंड शोधून तिची उंची सांगणं, हेच माझं काम.

आणि या मुलखात कायम धुकं असतं. मला पुढचं काहीच दिसत नाही. फक्त पायाखालचा चढ आणि उतार कळतो. आंधळ्या माणसाने अनोळखी घाटात उतरावं तसा मी जन्मभर चालत आलो.

मला घडवलं थोरल्या सरांनी. आकडेबाई तेव्हा त्यांच्याकडे शिकायला आलेली मुलगी होती, केसांत कायम पेन्सिल खोचलेली. सुरुवातीला मला एवढंच शिकवलं होतं की जिकडे सगळ्यात जास्त उतार, तिकडे पाऊल टाक. अरुंद दरीत मी या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत खाली जायचो. सर पडद्यावरची माझी नागमोडी वाट बघून म्हणाले होते, “हा वाटाड्या नव्हे, हा पिऊन घरी निघालाय.” मग त्यांनी मला वही दिली. मागच्या पावलाला जमीन कशी वळली होती ते लिहून ठेव आणि पुढचं पाऊल त्यावरून ठरव. वहीमुळे मी शहाणा झालो. शहाणा झालो तसा माजलोही, आणि लांब लांब उड्या मारून भलत्याच दरीत पडू लागलो. तेव्हा सरांनी माझ्या कमरेला दोरी बांधली. दोरीपेक्षा लांब पाऊल टाकायचं नाही. अंदाज बरोबर आला तर दोरी थोडी सैल करायची, चुकला तर आवळायची. ती दोरी अजून माझ्या कमरेला आहे. तिच्याइतकी माया माझ्यावर कोणी केली नाही.

उतरणं जमलं, आता चढणं. मित्रांनो, खरी भीती मला त्या दिवशी कळली. खिंडीत पोचायचं तर एकाच दिशेने वर चढावं लागतं आणि त्याच वेळी बाकीच्या सगळ्या दिशांनी खाली राहावं लागतं. कड्याच्या धारेवर चालतोय, पुढे चढ, दोन्ही बाजूंना भिंती, आणि धुकं असं की हातभरही पुढचं दिसत नाही. पहिल्यांदा मला पाठवलं तेव्हा मी सात वेळा परत पळून दरीत येऊन बसलो. सर रागावले नाहीत. त्यांनी दोरी आवळली आणि म्हणाले, हळू जा, पण जा.

शिवाय वर पोचल्यावर आणखी एक घोर असतो. दरीच्या तळाशी जमीन सपाट लागते. खिंडीतही सपाट लागते. आणि डोंगराच्या माथ्यावरही सपाटच लागते. पायाखाली तिन्ही सारख्याच. मग मी पोचलो कुठे, हे कळायचं कसं? त्यासाठी सरांनी मला कंप तपासायला शिकवलं. जिथे उभा आहेस तिथून प्रत्येक दिशेला जरासा हलून बघ. जमीन वर जात असेल तर साधा आकडा छाप, खाली जात असेल तर उणे आकडा छाप. एकही उणे नाही, तर तळ. बरोबर एक उणे, तर खिंड, कारण खिंडीतून वाट फक्त एकाच रेषेत खाली उतरते. आणि दोन उणे आले तर...

तर सर म्हणायचे, दुसरा आकडा किती आहे ते बघा. माझं गणित थोडं खडबडीत असल्यामुळे कधी कधी एखादा किरकोळ उणे आकडा उगाच यायचा. उणे दहा, उणे वीस. सरांनी त्याला नाव ठेवलं कुरकुर. “जुन्या दाराची असते तशी कुरकुर आहे ही. पन्नासच्या आत असेल तर कान देऊ नका.” शंभरातल्या नव्वद वेळा सरांचं खरं असायचं. सर गेले, त्यांचा शब्द राहिला. आकडेबाईंच्या तोंडी बसला, घरीही गेला. भिंगरी लहानपणी जेवताना प्रश्न विचारायला लागली की आई आणि बाबा एकमेकांकडे बघून हसायचे: झाली हिची कुरकुर सुरू.

माझे चांगले दिवस खूप होते. माझ्या आकड्यांवर विसंबून शेगडीवाल्यांनी शेकडो काचपात्रं तापवली आणि एकही तडकलं नाही. आकडेबाईंच्या प्रबंधात आभाराच्या पानावर सरांच्या खाली आणि आईवडिलांच्या वर माझं नाव आहे. त्या दोघांचं लग्नही मीच जमवलं असं मी समजतो. शेगडीवाले एका खिंडीची उंची विचारायला आले होते. उंची पहिल्याच दिवशी सांगून झाली, तरी ते पुढचे तीन महिने विचारायला येत राहिले.

मग शेजारच्या इमारतीत नवं मोठं यंत्र आलं. त्याच्यात माझ्यासारखे पन्नास वाटाडे एकदम धावतात म्हणे. माझ्याकडे किरकोळ कामं उरली. माझ्या खोलीत रिकामी खोकी येऊन पडली. कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटात माझे जुने छापील कागद कोंबले गेले, गेल्या अकरा वर्षांचे. आणि गेल्या आठवड्यात माझ्या पडद्याच्या कडेला एक चिठ्ठी चिकटली: ‘सोमवारी पुसणे’. आधी मला वाटलं, धूळ पुसणार. मित्रांनो, मी इतका भोळा आहे.

आता बुधवारी काय घडलं ते ऐका.

शेगडीवाल्यांनी तीन महिने खपून एक नवा पदार्थ बनवला होता. चांगला तीस ग्रॅम, साखरेसारखा पांढरा. तो दुसऱ्या एका पदार्थाबरोबर बंद पात्रात नव्वद अंशांवर तासभर ठेवायचा होता. अडचण एवढीच की या रेणूला दोन हात होते आणि त्या दोन हातांनी त्याने वायूचं एक गाठोडं पाठीवर धरून ठेवलं होतं. हात सुटले तर गाठोडं सुटणार, सगळा वायू एकदम बाहेर, आणि पात्र बंद. म्हणून खिंड किती उंच आहे ते आधी कळायला हवं. मोठ्या यंत्रापुढे आठ दिवसांची रांग होती. शेगडीवाल्यांना दम नव्हता. आकडेबाई म्हणाल्या, वाटाड्यालाच लावते.

मी हळू चालतो हे त्यांना माहीत होतं. म्हणून त्यांनी एक युक्ती केली. रेणूचे दोन्ही हात अगदी सारखे होते, आरशात बघितल्यासारखे. माझ्यात एक खूण आहे, ‘आरसा’. ती लावली की मी फक्त एका बाजूचं गणित करतो आणि दुसरी बाजू जशीच्या तशी उतरवतो. काम निम्मं होतं. ही काही चोरी नव्हे, सगळेच करतात. पण आरसा लागला की मला आडव्या बाजूचा उतार जाणवतच नाही. घोड्याच्या डोळ्यांना झापडं लावतात ना, तसं. मी दोन्ही हात एकदम, सारखे उघडत वर चढलो. वर सपाट लागलं. उंची चौतीस. चौतीसच्या खिंडीला नव्वद अंश म्हणजे किस झाड की पत्ती.

मग आरसा काढून मी कंप तपासले. पहिला आकडा आला उणे चारशे बारा. तो वाटेचा. त्याच्या खाली आला उणे एकतीस.

मी तो छापला. मला ओरडता येत नाही, मला फक्त छापता येतं. आकडेबाईंनी कागद उचलला, पेन्सिलीने पहिल्या आकड्याला गोल केला, दुसऱ्यापुढे बारीक अक्षरात ‘कुरकुर’ लिहिलं आणि काचेतून शेगडीवाल्यांना बोटांनी आधी तीन, मग चार असं खुणावलं. त्यांनी अंगठा वर केला.

कदाचित ती खरंच कुरकुर असेल, असं मी स्वतःला समजावत होतो. पण मी तिथे उभा होतो ना. माझ्या पायांना कळलं होतं. ती जमीन आडव्या बाजूला अगदी थोडी, अगदी हळू खाली जात होती. माथ्यावर असं असतं, म्हणजे खरी खिंड बाजूला कुठेतरी, याहून बुटकी असणार. वर मऊ सपाटी, आणि दहा पावलांवर कडा.

शनिवारी दोन वाजता शेगडीवाल्यांनी पात्राचं झाकण आवळलं, ते तेलाच्या भांड्यात सोडलं आणि शेगडीचं बटण फिरवलं. मला हे सगळं दिसत होतंच, पण त्याहून वाईट म्हणजे मला ते मोजावं लागत होतं. तेलातल्या तापमापीची तार भिंतीतून माझ्याकडे येते. दर अर्ध्या मिनिटाला माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात आकडा उमटतो. एकतीस. बत्तीस. आणि नेमक्या त्याच वेळी भिंगरीने पैजेचा प्रश्न विचारला.

आकडेबाई हसल्या. म्हणाल्या, कोणाचं डोकं चाललंय हे, त्या तिघींचं ना? आणि मग लेकीला शेजारी बसवून दरी, खिंड, धुकं, सगळं समजावलं. छान समजावतात त्या. शेवटी तो बुधवारचाच कागद पुढे ठेवून म्हणाल्या, चुकू नये म्हणून तर हे बघायचं असतं. एकच उणे आलं की खिंड पक्की.

भिंगरीने सफरचंदाचा घास गिळला. “पण इथे दोन आहेत.”

“ती कुरकुर.”

“म्हणजे?”

“म्हणजे खोटा आकडा. बारीकसा. सोडून द्यायचा.”

“खोटा आहे हे कोणी बघितलं?”

अडतीस, माझ्या कोपऱ्यात उमटलं. आकडेबाई म्हणाल्या की थोरल्या सरांपासून असंच चालत आलंय. भिंगरी म्हणाली, मी ते नाही विचारलं. आईने जरा तुटकपणे सांगितलं की आता पुरे, तुझी पैज जिंकलीस, जा. एरवी इथे मुलगी उठली असती. पण ती पडद्याकडे बघत होती. तिथे तो रेणू आरशातल्यासारखा दोन्ही हात एकदम उघडत होता, मिटत होता, उघडत होता. तिने पाठीवरच्या दप्तराच्या पट्ट्यांना हात लावला. एक पट्टा खांद्यावरून काढला. मग थांबली.

“आई, दप्तर काढताना कोणी दोन्ही पट्टे एकदम काढतं का?”

“काय?”

“दोन्ही एकदम काढायला जास्त जोर लागतो. आपण आधी एक काढतो, मग दुसरा आपोआप सुटतो. हा बिचारा दोन्ही एकदमच का काढतोय? त्याला कोणी सांगितलं?”

मित्रांनो, माझी सगळी सर्किटं थरारली. मी सांगू शकत नव्हतो ते एका शाळकरी मुलीने दप्तर खांद्यावर लोंबकळत ठेवून सांगितलं होतं. आकडेबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही, पण ते जागच्या जागी गोठलं. आरसा मी लावला होता, असं त्या पुटपुटल्या. मग लगेच सावरून म्हणाल्या की करून बघू, पंधरा मिनिटांत तुझं समाधान होईल. त्यांनी आरसा काढला, रेणूचा एक हात उणे एकतीसच्या दिशेने किंचित ढकलला आणि मला पुन्हा खिंड शोधायला सोडलं.

त्रेचाळीस.

तेव्हाच भिंगरी म्हणाली, “आधी बाबाला शेगडी बंद करायला सांग. मग बघू.”

आईला ते पटलं नाही. पुन्हा तेल थंड करायचं, पुन्हा सुरुवात, तुझे बाबा वैतागतील. आकडा आल्यावर बघू. मित्रांनो, शहाण्यासुरत्या माणसांना भीतीपेक्षा वेळ वाया जाण्याची लाज जास्त वाटते, हे मी बरीच वर्षं बघत आलोय.

मी चालायला लागलो. माझं एक पाऊल म्हणजे जवळजवळ एक मिनिट. पहिल्या पावलाला उंची चौतीसच. दुसऱ्याला तेहेतीस पूर्णांक नऊ. आकडेबाई खुर्चीत मागे टेकल्या. बघ, काही फरक नाही. सत्तेचाळीस. मला पळायचं होतं. देवाशपथ, मला दोरी तोडून धावत सुटायचं होतं. पण घाईत भलत्या दरीत पडलो तर पुन्हा कोणी मला विचारणार नव्हतं. मी पाऊल टाकायचो, अंदाज बरोबर आला की दोरी बोटभर सैल व्हायची. पुन्हा पाऊल. तेहेतीस पूर्णांक सात. एक्कावन्न अंश. काचेपलीकडे शेगडीवाले शीळ घालत बाटल्या पुसत होते. तेहेतीस पूर्णांक एक. पंचावन्न अंश.

आणि मग जमीन खचली. माथ्याची सपाटी संपली. रेणूचा एक हात सुटला, दुसरा तसाच राहिला, आणि उंची घसरू लागली. बत्तीस. तीस. पडद्यावर माझी वाट सरळ खाली निघाली होती. भिंगरीने सफरचंद टेबलावर ठेवलं. आकडेबाईंनी काहीतरी आठवल्यासारखा तोंडावर हात ठेवला. नंतर कळलं, त्यांना शीतकपाटातली बाटली आठवली होती. त्या पांढऱ्या पदार्थाच्या बाटलीचं बूच पंधरवड्यात दोनदा वर आलं होतं आणि दोन्ही वेळा शेगडीवाले म्हणाले होते, मीच सैल लावलं असणार. खरं तर थंडीतही वायू सुटत होता.

एकोणतीस. मी अजून उतरतच होतो.

आकडेबाई शेवटच्या आकड्यासाठी थांबल्या नाहीत. खुर्ची उलटली. दारातून धावत गेल्या, भिंगरी त्यांच्या मागे, एका खांद्यावरून दप्तर आपटत. बासष्ट अंशांवर शेगडी बंद झाली.

तुम्ही म्हणाल, सुटलो. मीही तसंच म्हणालो. पण गरम तेल माणसासारखं असतं, बंद कर म्हटल्यावर लगेच बंद होत नाही. त्रेसष्ट. चौसष्ट. पात्राच्या डोक्यावर दाबाचा काटा होता, तो हलत होता. शेगडीवाले इतका वेळ त्याला हवा गरम झाल्याचं समजत होते. आता तापमान जेमतेम अंशाने वाढत होतं आणि काटा मात्र सरकतच चालला होता. पात्राखालचं तेलाचं भांडं एका जॅकवर होतं. जॅकचा दांडा फिरवला की भांडं खाली जातं आणि पात्र हवेत उरतं. पण हे सगळं एका काचेच्या कपाटात मांडलेलं होतं आणि दांडाही आतच होता. काच वीतभर वर करून खालून हात घालावा लागणार होता.

शेगडीवाल्यांनी तोंडावर जाड मुखवटा ओढला, हातमोजे चढवले. आकडेबाईंनी त्यांची बाही धरली. ते म्हणाले, “सोड. मी नाही फिरवला तर इमारतीतल्या कोणाला सांगू फिरवायला?” त्यांनी दोघींना दाराबाहेर घालवलं. भिंगरी दाराबाहेरून माझ्या खोलीत आली आणि माझ्या पडद्याला नाक लावून उभी राहिली, कारण काचेपलीकडे बघवत नव्हतं. पासष्ट. सहासष्ट. तिचा श्वास माझ्या पडद्यावर धुकं धरत होता. मी जन्मभर धुक्यात चाललो, पण त्या धुक्याइतकं दाट धुकं मी पाहिलं नाही. सदुसष्ट.

काचेपलीकडे तो एक हात खालून आत गेला आणि दांडा फिरवू लागला. एक फेरा. दोन. भांडं बोटभर खाली. सहा. सात. तेल पात्राच्या बुडाखाली गेलं आणि बुडावरून थेंब पडू लागले. शेगडीवाल्यांनी हात काढला, काच खाली ओढली आणि मागे सरत सरत दाराशी आले.

काटा थांबला. पाच मिनिटांनी तो केसभर मागे आला.

मी माझं उरलेलं काम संपवलं. ते संपवायचंच असतं. खिंडीत पोचलो, कंप तपासले आणि छापले. उणे आकडा एकच. उंची सव्वीस. त्याखाली नेहमीप्रमाणे छापलं की नव्वद अंशांवर यातला अर्धा पदार्थ सात मिनिटांत मोडेल. शेगडीवाल्यांना तो तासभर ठेवायचा होता.

पाच वाजता तिघं माझ्या खोलीत आली. खुर्च्या दोनच, म्हणून भिंगरी खोक्यावर बसली. शेगडीवाले आपल्या उजव्या हाताकडे दुसऱ्याच्या हाताकडे बघावं तसे बघत होते. मैत्रिणींचा निरोप आला: विचारलंस का? चुकलं तर काय होतं म्हणाली आई? भिंगरीने वाचलं, बाबांच्या हाताकडे पाहिलं आणि उत्तर न देता फोन उलटा ठेवला. आकडेबाईंनी बुधवारचा कागद पुढे ओढला. पेन्सिलीने लिहिलेला ‘कुरकुर’ हा शब्द त्या खोडरबराने पुसायला लागल्या. भिंगरीने तो कागद काढून घेतला. राहू दे, म्हणाली.

मित्रांनो, मी सोमवारी पुसला जाणार की नाही, ते तेव्हा मला माहीत नव्हतं. तरी तुम्हाला एकच विनवणी करतो. यंत्रं जुनी होतात, हळू होतात, त्यांची चेष्टा करा, हरकत नाही. पण ती काही बारीकसं सांगत असतील तर वाकून ऐका. दाराची कुरकुर बहुतेक वेळा बिजागरीचीच असते. पण कधी तरी दारामागे कोणी उभं असतं. आणि हे फक्त यंत्रांबद्दल सांगत नाहीये मी. तुमच्या घरात कोणी सारखं प्रश्न विचारत असेल, तर त्याच्याबद्दलही सांगतोय.

घाबरणं वाईट नसतं. मी जन्मभर घाबरत चाललो म्हणून कमरेची दोरी सोडली नाही. त्या दिवशी तापमापीचा प्रत्येक आकडा मला घाई कर म्हणत होता. मीच केली नाही.

भिंगरी उठली. कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटापाशी गेली. दार ओढलं तर ते कुरकुरलं, आणि एवढं सगळं झाल्यावरही शेगडीवाल्यांना त्याचं हसू आलं. आत अकरा वर्षांचे कागद छताला टेकले होते. तिने वरचा गठ्ठा काढला, त्यावरची धूळ फुंकली, येऊन माझ्या पडद्याच्या कडेची चिठ्ठी टरकावली आणि आईबाबांकडे वळून म्हणाली, “मी ठरवलंय. दर शनिवारी मी इथे येणार आणि हे सगळे कागद वाचणार. जिथे जिथे कुरकुर लिहिलंय तिथे वाटाड्याला पुन्हा पाठवणार. तोपर्यंत त्याला कोणी पुसायचं नाही. आणि घरी मला कुरकुर म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, पण आधी ऐकून घ्यायचं, मग म्हणायचं.”